बेर-शेव्याचे तुर्की स्टेशन

बेर-शेव्यात राहणाऱ्या आपल्या बांधवांना ‘तुर्की स्टेशन’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. जुन्या गावाच्या बाजूला ती दगडी इमारत आहे, शेजारी पाण्याच्या टाकीचा दगडी मनोरा आहे आणि हल्ली तिथे एक काळे वाफेचे इंजिनही उभे आहे. अश्दोद, लोद, रामला किंवा किर्यात गतहून सोयऱ्याधायऱ्यांकडे आलेले पाहुणे मुलांना घेऊन तिथे जातात, इंजिनासमोर फोटो काढतात आणि परततात. या स्टेशनात गाडी कोठून येत असे, कशासाठी येत असे आणि ती बंद का पडली, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. १९१५ साली उघडलेल्या या स्टेशनाकडे येणारी गाडी १९२७ साली थांबली. अवघे बारा वर्षांचे आयुष्य! पण त्या बारा वर्षांत एवढे घडून गेले आहे की ते आपल्या मंडळींपुढे मांडावे असे आम्हाला वाटले.

आधी गावाविषयी थोडेसे. अब्राहाम अविनूने अबीमलेखाशी शपथ घेऊन जिथे विहिरीचा वाद मिटवला ते बेर-शेवा आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. परंतु आजचे गाव त्या पुरातन गावाचा अखंड वंशज नव्हे. तुर्कांनी १९०० साली नेगेवच्या बेदुइन टोळ्यांवर लक्ष ठेवण्यासाठी इथे कचेरीचे ठाणे वसवले. पट्टी लावून आखल्यासारखे सरळ रस्ते, एक सराया म्हणजे सरकारी कचेरी, एक मशीद, शेखांच्या मुलांसाठी एक शाळा, असा तो थाट होता. आसपासच्या माळावर पाऊस बरा झाला तर सातू पिकत असे आणि हा सातू उंटांवरून गाझाला व तेथून बोटीने विलायतेला, तिथल्या दारूच्या भट्ट्यांसाठी जात असे. अशा गावाला आगगाडीची गरज नव्हती आणि शांततेचे दिवस राहते तर ती आलीही नसती.

आगगाडी आणली ती युद्धाने. १९१४च्या अखेरीस तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने महायुद्धात उतरला आणि चौथ्या सैन्याचा सेनापती जमाल पाशा याने सुएझ कालवा तोडण्याचा विडा उचलला. त्याचे सैन्य सिनाईचे वाळवंट पायी ओलांडून, तराफे ओढत कालव्यापर्यंत पोहोचले आणि ३ फेब्रुवारी १९१५ रोजी त्याने हल्ला केला. हल्ला पार फसला. येथे आपल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: कालव्याच्या काठावर बंदुका घेऊन उभे असलेल्यांत मोठा भरणा हिंदुस्थानी सैन्याचा होता. पंजाबी, राजपूत आणि गुरखा पलटणी होत्या, बिकानेरच्या महाराजांचे उंटदळही होते. म्हणजे ज्या पराभवामुळे बेर-शेव्याला रेल्वे आली त्या पराभवात आपल्या जन्मभूमीच्या जवानांचा हात होता. तुर्की स्टेशनाची कथा सांगताना ही बाजू सहसा कोणी सांगत नाही.

या हल्ल्यातून तुर्कांना एक धडा मिळाला. हजारो माणसे आणि जनावरे वाळवंटातून न्यायची तर दाणा, दारूगोळा आणि मुख्य म्हणजे पाणी त्यांच्या पाठोपाठ पोहोचले पाहिजे आणि ते काम एकट्या उंटांच्याने होणार नाही. त्या वेळी दमास्कसहून मदिनेला जाणारी हेजाझ रेल्वे होती. तिचे काम १९०० साली सुरू होऊन १९०८ साली ती मदिनेला पोहोचली होती. तिचाच एक फाटा १९०५ पासून हैफाला येत होता आणि वाटेत आफुला लागत असे. आफुल्याहून जेनीनपर्यंत रूळ युद्धापूर्वीच आले होते. तेथून दक्षिणेला तुलकर्म, लोद, वादी सरार आणि मग थेट बेर-शेवा अशी नवी लाइन टाकायचे ठरले. काम हाती दिले ते हेजाझ रेल्वे बांधणाऱ्या जर्मन इंजिनियराकडे, हाइनरिख माइसनर याच्याकडे. सुलतानाने त्याला पाशाची पदवी दिलेली असल्यामुळे तो माइसनर पाशा म्हणूनच ओळखला जातो.

आपल्यातील ज्या घरांत रेल्वेची नोकरी झाली आहे त्यांना रुळांच्या रुंदीचे महत्त्व समजावून सांगायला नको. आपली जी.आय.पी. साडेपाच फुटांची आणि नेरळ-माथेरानची गाडी २ फुटांची. हेजाझ रेल्वे होती १,०५० मिलिमीटरची, म्हणजे मीटर गेजपेक्षा फक्त पाच सेंटिमीटर रुंद! दुसरीकडे याफोहून यरुशलायीमला जाणारी जुनी फ्रेंच लाइन, १८९२ सालची, ती चोख मीटर गेज. या पाच सेंटिमीटरांपायी एकीचे इंजिन दुसरीवर चालेना. म्हणून तुर्कांनी लोदपासून यरुशलायीमपर्यंतचे रूळ सरकवून ती लाइन आपल्या मापाची केली आणि याफो ते लोदचे रूळ उखडून युद्धाच्या कामाला वापरले. आरमाराच्या वेढ्यामुळे युरोपातून समुद्रमार्गे लोखंड येणे बंद झाले होते. एका ठिकाणचे काढायचे आणि दुसरीकडे घालायचे, असाच सगळा कारभार होता.

लोखंड उखडून मिळाले, लाकूड तोडून मिळवले. दगडी कोळसा मिळेना म्हणून इंजिनात लाकडे जाळू लागले आणि त्यासाठी देशभरची झाडे कापली गेली. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या जैतुनाच्या बागाही त्यातून सुटल्या नाहीत. त्याच १९१५ साली वसंतात टोळधाड आली आणि शेतात उरलेसुरले होते तेही गेले. गावोगावचे लोक उपाशी होते आणि याच लोकांतून मजूर पकडून आणले जात होते. तुर्की सैन्यात ‘अमेले ताबुरू’ म्हणून मजुरांच्या पलटणी होत्या. ज्यांच्या हाती बंदूक देण्याचा भरवसा सरकारला वाटत नसे अशा यहुदी आणि ख्रिस्ती तरुणांना त्यांत भरती करून खडी फोडायला, भराव घालायला आणि स्लीपर वाहायला लावत. अंगावर चिंध्या, पोटाला अपुरे आणि वर पटकी व टायफसचे आजार. किती माणसे या कामात गेली याची नीट नोंद ठेवलीच गेली नाही. माइसनर पाशाचे नाव सर्व पुस्तकांत आहे. वर्षाच्या आत एवढी लाइन उभी करणे हे इंजिनियर म्हणून त्याचे कर्तृत्व खरेच मोठे होते. परंतु आम्हाला वाटते, हे कर्तृत्व सांगताना ती खडी कोणी फोडली हेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

३० ऑक्टोबर १९१५ रोजी बेर-शेव्याचे स्टेशन उघडले. जमाल पाशा जातीने हजर होता. मुख्य इमारत, स्टेशनमास्तरांचे घर, इंजिनांसाठी शेड, पाण्याची टाकी, सगळे घडीव दगडाचे! त्या टाकीकडे मुद्दाम पाहावे. वाफेचे इंजिन पाण्यावाचून एक पाऊलही पुढे जात नाही आणि नेगेवसारख्या मुलखात पाण्याची जागा म्हणजेच स्टेशनाची जागा. कर्जतच्या किंवा इगतपुरीच्या फलाटावर तहानलेली इंजिने उभी असलेली ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चटकन कळेल. अब्राहामाने विहिरीसाठी भांडण का मांडले होते तेही त्याबरोबर कळेल.

त्यानंतरची दोन वर्षे बेर-शेवा म्हणजे छावणीच झाली. जर्मन अधिकारी आले, जर्मन विमानांची एक तुकडी आली, इस्पितळे आणि कोठारे उभी राहिली. ज्या गावात सातूच्या पोत्यांवरून घासाघीस चालत असे तिथे रोज दारूगोळ्याच्या वाघिणी उतरू लागल्या. रूळ बेर-शेव्यावर थांबले नाहीत. ओढ्यावर कमानींचा दगडी पूल बांधून लाइन दक्षिणेला असलूजवरून औजा अल-हफीरपर्यंत, म्हणजे आजच्या नित्सानापर्यंत गेली आणि पुढे सिनाईत कुसैमापर्यंत पोहोचली. सुएझवर दुसरी स्वारी करायची होती ना! ती स्वारीही ऑगस्ट १९१६ मध्ये रोमानी येथे मोडली.

आणि इथून पुढे हे युद्ध जणू दोन रेल्वेंचे झाले. उत्तरेकडून तुर्कांची अरुंद, लाकडावर चालणारी गाडी. पश्चिमेकडून इंग्रजांची रुंद, ४ फूट साडेआठ इंचांची लाइन, जी कालव्यावरच्या कंतारापासून समुद्राच्या कडेने सिनाई ओलांडीत येत होती आणि तिच्या सोबतीला नाईलचे पाणी आणणारी नळी होती. हे काम हजारो मिसरी मजुरांनी केले. त्यांचीही कथा आपल्या अमेले ताबुरूवाल्यांपेक्षा फार निराळी नाही. जितके रूळ पुढे तितके सैन्य पुढे. डिसेंबर १९१६ मध्ये इंग्रज अल-अरीशला आले, जानेवारी १९१७ मध्ये रफाला पोहोचले. गाझावर मात्र त्यांनी मार्च आणि एप्रिलमध्ये दोनदा डोके आपटले आणि दोन्ही वेळा मागे फिरावे लागले. मे १९१७ मध्ये त्यांच्या घोडदळाने आणि उंटदळाने वळसा घालून असलूज ते औजा यांमधले सुमारे १३ मैल रूळ सुरुंग लावून उडवले. बेर-शेव्याच्या दक्षिणेकडची गाडी तेव्हाच संपली.

तुर्कांच्या गाड्यांची बातमी इंग्रजांना कळत होती, त्यात आपल्या यहुदी बांधवांचाही वाटा होता. झिख्रोन याकोवच्या आरोन आरोनसोनने उभारलेल्या ‘निली’ या गुप्त मंडळाचा एक डॉक्टर तुर्की सैन्यात राहून आफुल्याच्या जंक्शनावरून कोणती गाडी कुठे गेली याची टिपणे पाठवत असे. स्वतः आरोनसोन वनस्पतींचा आणि जमिनीचा जाणकार होता. टोळधाडीच्या वेळी जमाल पाशानेच त्याला बंदोबस्ताच्या कामावर नेमले होते. पुढे कैरोत जाऊन त्याने इंग्रजांना नेगेवच्या पाण्याविषयी आपल्याजवळचे ज्ञान पुरवले.

नवा सेनापती अॅलनबी याने गाझाकडे हूल दाखवून खरा घाव बेर-शेव्यावर घालण्याचा बेत केला. ३१ ऑक्टोबर १९१७ ची ती लढाई. स्टेशन उघडल्याला दोन वर्षे आणि एक दिवस झाला होता. पायदळाने पश्चिमेकडून सकाळीच हल्ला सुरू केला, न्यूझीलंडच्या घोडेस्वारांनी दुपारी तेल शेवाची टेकडी घेतली. पण गाव हाती येईना आणि सूर्य उतरू लागला. रात्रभर चालून आलेल्या घोड्यांना पाणी मिळाले नव्हते. विहिरी गावात होत्या. गाव घ्यायचे किंवा मागे फिरायचे, एवढेच उरले. तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या चौथ्या लाइट हॉर्स ब्रिगेडचे सुमारे ८०० स्वार साडेचारच्या सुमारास तलवारी नसल्यामुळे हातात संगिनी घेऊन मोकळ्या माळावरून भरधाव सुटले आणि खंदकांवरून उड्या मारून गावात शिरले. या धावेत त्यांची ३१ माणसे पडली.

तुर्कांच्या बाजूने गावाचे रक्षण इस्मत बे करीत होता. पुढे अतातुर्कच्या पश्चात तुर्कस्तानचा अध्यक्ष झालेला इस्मत इनोनू तो हाच. गाव जाते असे दिसताच त्याने माघार घेतली. विहिरी, दारूगोळा आणि स्टेशन उडवून देण्याची तयारी झालेली होती आणि स्टेशनाच्या बाजूला स्फोट झालेही, पण वेळ पुरला नाही. बहुतेक विहिरी शाबूत सापडल्या, स्टेशनाची इमारतही उभी राहिली. त्यानंतर आठवडाभरात गाझा पडले आणि ९ डिसेंबरला यरुशलायीम इंग्रजांच्या हाती आले. पुढच्या वर्षी २३ सप्टेंबरला जोधपूर आणि म्हैसूरच्या भालाईत स्वारांनी हैफा घेतले, हे आपल्याला ठाऊकच आहे. दिल्लीतील तीन मूर्ती त्यांच्याच स्मरणार्थ १९२२ साली उभारल्या गेल्या आणि २०१८ साली त्या चौकाच्या नावात हैफाचे नावही आले.

आता लढाई संपल्यावर स्टेशनाचे काय झाले ते पाहू. इंग्रजांनी १९१८ साली आपल्या रुंद गेजची लाइन रफाहून बेर-शेव्याला आणली. तुर्कांचे उत्तरेकडचे रूळ निकामी झाले. याचा परिणाम असा झाला की बेर-शेव्याच्या माणसाला आगगाडीने लोदला किंवा यरुशलायीमला जायचे तर आधी भलत्याच दिशेने, सुमारे ६० किलोमीटर पश्चिमेला रफाला जावे लागे आणि तेथे गाडी बदलून गाझावरून पुन्हा उत्तरेला. पुण्याच्या माणसाने मुंबईला जायचे म्हणून आधी सोलापूरची गाडी पकडावी तसे! १९२२ सालच्या खानेसुमारीत बेर-शेव्याची वस्ती २,३५६ होती आणि त्यात यहुदी ९८. एवढ्या वस्तीतून अशा वळणाने जाणारे उतारू किती मिळणार? हेब्रोनवरून यरुशलायीमला मोटारीचा रस्ता सरळ होता. सातूचे पीक पावसावर, कधी येई, कधी न येई. लष्करासाठी घातलेल्या लाइनला लष्कर निघून गेल्यावर गिऱ्हाईक उरले नाही आणि १९२७ साली ती बंद झाली. रूळ पुढे उखडून नेले गेले. सैनिकांच्या कबरींवर दगड बसले. मजुरांची खूण म्हणजे ते रूळ, तेही राहिले नाहीत. १९२९च्या दंगलींनंतर गावातली यहुदी कुटुंबेही निघून गेली.

इस्राएलच्या सैन्याने २१ ऑक्टोबर १९४८ रोजी बेर-शेवा घेतले. तिथल्या अरब रहिवाशांना गाव सोडावे लागले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत, तंबूंच्या आणि पत्र्याच्या वस्तीच्या काळात आपली पहिली कुटुंबे तिथे आली. तुर्की स्टेशनाशी आपला संबंध येतो तो येथे. मुंबई, ठाणे, कर्जत, अजमेर, कराची अशा ठिकाणी रेल्वेच्या नोकरीत मुरलेली माणसे या लोकांत होती. क्लार्क, फिटर, गार्ड, कारखान्यातले कारागीर. त्यांना गाव मिळाले असे की ज्यात दगडी स्टेशन आहे पण रूळ नाहीत, टाकी आहे पण इंजिन नाही! रेल्वे नसलेल्या त्या गावात मिळेल ते काम धरावे लागले, रस्त्याचे, बांधकामाचे, वृक्षारोपणाचे. काम जड, भाषा परकी आणि वागणूक नेहमीच सरळ नव्हे. १९५१च्या नोव्हेंबरात बेर-शेव्याच्या आपल्या काही कुटुंबांनी तेल अवीवला जाऊन धरणे धरले आणि आम्हाला परत हिंदुस्थानात पाठवा अशी मागणी केली, ती याच दिवसांतली गोष्ट. १९५२ साली त्यांना विमानाने मुंबईला पाठवण्यात आले आणि त्यांतले बरेच जण पुढे पुन्हा इस्राएलला आले. कोणी याबद्दल अजून हळू आवाजात बोलतात. आमच्या मते हळू बोलण्याचे काही कारण नाही. ती माणसे भित्री नव्हती, त्यांना अन्याय दिसला आणि त्यांनी तो मोठ्याने सांगितला.

बेर-शेव्याला पुन्हा आगगाडी आली ती १९५६ साली, उत्तरेकडून किर्यात गतच्या बाजूने, पण ती जुन्या स्टेशनात आली नाही. नवे स्टेशन दुसरीकडे बांधले गेले. १९६५ साली रूळ दिमोनापर्यंत पोहोचले. दिमोनात आपली वस्ती किती मोठी आहे ते सर्वांना ठाऊक आहे. पण ही लाइन माणसांसाठी नव्हती, नेगेवच्या खनिज मालासाठी होती. दिमोनाच्या लोकांनी चाळीस वर्षे मालगाड्यांची शिट्टी ऐकली आणि प्रवास बसने केला. उतारूंची गाडी दिमोनाला २००५ साली सुरू झाली. खुद्द बेर-शेव्याची प्रवासी वाहतूकही मध्यंतरी बंद होती. १९९७ साली ती पुन्हा चालू झाली आणि २००० साली शहराच्या मध्यभागी नवे स्टेशन उघडले.

आता त्या काळ्या इंजिनाविषयी. डिसेंबर २०१२ मध्ये ते इथे आणले आणि त्यानंतर स्टेशनाचा परिसर दुरुस्त करून लोकांना खुला झाला. पुष्कळांचा समज असा की तुर्कांच्या वेळचे इंजिन तिथेच राहून गेले असावे. तसे नाही. हे इंजिन ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधले गेलेले, स्टॅनियर ८एफ जातीचे. युद्धात ते तुर्कस्तानला दिले गेले आणि तिथल्या रेल्वेवर ते पुढे कितीएक वर्षे राबले. तेथून ते ब्रिटनला परतले आणि मग बेर-शेव्याला आले. त्याच्यावर ७०४१४ हा जो आकडा रंगवला आहे तो त्याचा स्वतःचा नव्हे. त्याच जातीच्या, इस्राएल रेल्वेवरच्या शेवटच्या वाफेच्या इंजिनाचा तो क्रमांक. जुन्या रेल्वेवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहून ठेवावी. या इंजिनाची चाके ४ फूट साडेआठ इंचांच्या मापाची आहेत. माइसनर पाशाच्या १,०५० मिलिमीटरच्या रुळांवर ते उभेही राहू शकले नसते आणि इंग्रजांची रुंद लाइन १९२७ साली बंद झाली तेव्हा या जातीचे पहिले इंजिन जन्मालाही आले नव्हते. तरीही ते तिथे असल्याचे आम्हाला वाईट वाटत नाही. मुले इंजिनासाठी येतात आणि आल्यावर टाकी आणि इमारत पाहतात.

स्टेशनासमोर तुर्की सैनिकांचे स्मारक आहे, त्याच्यावर अतातुर्कचा मुखवटा आहे. जवळच राष्ट्रकुलाच्या सैनिकांचे दफनस्थान असून तिथे पहिल्या महायुद्धातील १,२४१ कबरी आहेत. लढाईला शंभर वर्षे झाली त्या दिवशी, ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी, त्याच्या बाजूला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांचे संग्रहालय उघडले. एका सकाळीत हे सगळे पायी पाहून होते. उन्हाळ्यात गेलात तर पाण्याची बाटली बरोबर असू द्या. थंडीत गेलात आणि वाटेत पाऊस नसेल तर दक्षिणेला ओढ्याकडेही जावे. औजाकडे जाणाऱ्या लाइनच्या कमानी तिथे आहेत.